राखणीचे पाच दगड

चहा येईपर्यंत सांगून टाकतो. फक्त एक अट आहे. हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या, शेवटी हसू येईलच याची खात्री मी देत नाही. मला तरी अजून आलेलं नाही.

तुम्ही मला ओळखताच. कमलनगरच्या बाजारात कुठल्याही दुकानापुढं उभे राहा आणि मान वर करा. ते अक्षर माझं. मराठी माझं, कानडी माझं, करीमचाचाच्या हॉटेलावरचं उर्दूसुद्धा माझंच. बाबू पेंटर! मैसूरचं कर्नाटक झालं तेव्हा तर मला जेवायला फुरसत नव्हती. शाळा, दवाखाना, चावडी, जिथं म्हणून 'मैसूर राज्य' लिहिलेलं होतं तिथं शिडी लावायची, जुनं राज्य पुसायचं आणि नवं लिहायचं. सांगायचा मुद्दा काय, तर रिकामी जागा दिसली की माझा हात शिवशिवतो. हा माझा रोगच आहे. आणि या रोगापायी माझ्या हातून एक देऊळ झालं.

हो, देऊळ! मला बांधायचं नव्हतं, मी बांधलं नाही, पण झालं.

त्याचं असं झालं. संभाअण्णा तुम्हाला आठवतात का? ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. रिटायर झाल्यावर माणसं पारावर बसतात, पत्ते खेळतात, सुनेच्या चुका काढतात. अण्णा कुरणाच्या मागं लागले. गावाबाहेर कोसभरावर निजामाच्या घोड्यांसाठी राखलेलं ते जुनं कुरण आहे ना, तेच. सरकारनं ते राखीव केलं होतं, म्हणजे तिथं एक पाटी लावली होती. पाटी अर्थातच माझी. राखायला मात्र कुणी नव्हतं. एक गार्ड होता म्हणे, पण तो आमच्याकडं फक्त दिवाळीला दिसायचा, पोस्त मागायला.

मग अण्णांनी मंडळ काढलं. माळमित्र मंडळ. अध्यक्ष अण्णा, सभासद मी. झालं की मंडळ! काम काय, तर उन्हात बसायचं. गवताला कुणी काडी लावू नये म्हणून बघायचं, फासे लावायला आलेल्याला गोडीगुलाबीनं परत पाठवायचं, पाणवठ्यातला गाळ काढायचा. पगार नाही, मान नाही, वर लोक हसायचे ते वेगळंच.

मी का गेलो? खरं सांगू? गावातल्या भिंती संपल्या होत्या.

आणि दुसरं म्हणजे, अण्णांजवळ बसायला मला बरं वाटायचं. माणूस कमी बोलायचा, पण शेजारी असला की जीव निवांत व्हायचा. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ते तरणेताठे होते. घरातले देव गाठोड्यात बांधून मांजरा नदीत सोडून आले, ते पुन्हा कुठल्या दगडापुढं वाकले नाहीत. पण कुणाशी भांडण नाही, तंटा नाही. येळवसला, म्हणजे थंडीतल्या वेळ अमावस्येला, आमच्या शेतात दरवर्षी जेवायला यायचे. आम्ही कडब्याच्या कोपीत पांडव पुजायचो आणि अण्णा कोपीबाहेर बांधावर बसून भज्जी हाणायचे.

माझी आई म्हणायची, "अण्णा, आत या की."

"माय, आंबील भाईर बी तेवढीच आंबट लागायलीय," अण्णा म्हणायचे.

आई हसायची आणि अजून एक तांब्या ओतायची. तिला कधी राग आला नाही.

तर अशा या माणसाचा जीव एका पाखरात अडकला होता. माळढोक! उभं राहिलं तर पोराएवढं उंच, मान ताठ, चाल तहसीलदाराची. अण्णांच्या लहानपणी म्हणे कुरणात थवेच्या थवे असायचे. आमच्या वेळेला एक मादी उरली होती आणि कधीमधी कुठून तरी येणारा एक नर. अण्णांनी आयुष्यभर माळढोक बघितला, पण पिल्लू कधी बघितलं नव्हतं. छातीचं दुखणं वाढत चाललं होतं. खोकल्याची उबळ ओसरली की ते म्हणायचे, "बाबू, येकदा पिल्लू आईच्या मागं मागं चालताना दिसावं. मंग मी मोकळा."

आणि त्या पावसाळ्यात अण्णांना अंडं सापडलं!

माळढोक घरटंबिरटं काही बांधत नाही. उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला अंडं घालून मोकळी. तेही एकच. कोंबडीसारखं टोपलीभर नाही. ते फुटलं, कुणी उचललं, ढोराच्या पायाखाली गेलं, की त्या वर्षीचा खेळ खलास. अण्णांनी मला लांबच्या लिंबाखालून दुर्बिणीतून मादी बसलेली दाखवली. म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघितलं तर डोळे भरलेले.

आता नशीब बघा. नेमकं त्याच आठवड्यात अण्णांचं दुखणं उलटलं. बिदरला मोठ्या दवाखान्यात भरती व्हा, डॉक्टरांनी सांगितलं. स्टेशनावर गाडीची वाट बघत अण्णांनी गळ्यातली दुर्बीण काढली आणि माझ्या गळ्यात घातली.

"बाबू, मी जायलोय. तवर तू बघ."

"काय करू, अण्णा?"

"काई न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे काई बी करायचं न्हाई. लिंबाखाली बसायचं. ढोरं आली तर लांबूनच वळवायची. जवळ जायचं न्हाई, हात लावायचा न्हाई, कुणाला सांगायचं न्हाई."

"येवढंच?"

"येवढंच लई हाय. जमंल का तुला?"

मी छाती पुढं काढली. "अण्णा, काईच न करण्यात न जमायला काय झालं?"

अण्णांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग गाडी आली.

पहिला दिवस मी काहीच केलं नाही. अगदी झकास जमलं! दुसऱ्या दिवशीही जमत आलं होतं. पण दुपारी बाजाराच्या गाड्या निघाल्या. तुम्हाला माहीतच आहे, सडकेनं वळसा पडतो म्हणून आमचे गाडीवान कुरणातून बैल घालतात. एक गाडी अंड्याच्या इतक्या जवळून गेली की मादी उठून पळाली. गाडी गेल्यावर ती परत येऊन बसली खरी, पण उद्या? परवा? अण्णा येईपर्यंत मी किती गाड्या वळवणार? वळवताना कारण काय सांगणार? अंडं म्हटलं असतं तर कुणीतरी संध्याकाळी तवाच ठेवला असता.

आणि मग माझ्या डोक्यात कल्पना आली. तुम्ही जंगलखात्याचे हद्दीचे दगड बघितलेत ना? पांढरेधोट, वर लाल पट्टा. तसा दगड दिसला की आपल्याकडचा माणूस बैल वळवतो. कोण सरकारच्या भानगडीत पडणार? घरी चुना होता, काव होती, ब्रश तर माझ्या खिशातच असतो. मी नाल्यातून दगड आणले, भिजवलेला चुना फासला, वर कावेचा तांबडा पट्टा ओढला. मादी चरायला लांब गेली तशी अंड्याभोवती भरपूर जागा सोडून दगड मांडले. पाच दगड.

पाचच का? अहो, सहाव्याला कंबर नको म्हणाली!

मागं सरलो, एक डोळा मिटून बघितलं. झकास! हिरव्या गवतात पांढरे दगड, तांबडे पट्टे, कुठंही ओघळ नाही. मादी परत आली, दगडांभोवती एक चक्कर मारली, मान वाकडी करून बघितलं आणि अंड्यावर जाऊन बसली. अहो, शप्पत सांगतो, मला तिथं एकट्याला नाचावंसं वाटलं. अण्णा आले की पाठ थोपटतील, म्हणतील, बाबू, डोकं चालवलंस गड्या.

हां, तुमच्यातल्या काही जणांनी आत्ताच डोक्याला हात लावला, दिसलं मला. अहो, मी याच मातीतला माणूस! दर येळवसला मी माझ्या याच हातांनी पाच दगड चुन्यानं पांढरे करतो, त्यांना काव लावतो आणि कोपीत मांडतो. पाच पांडव! आणि माझ्या टाळक्यात ते आलंच नाही. टाळक्यात बसलं होतं सरकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांताक्का हरवलेली शेळी शोधत कुरणात आली. शेळी दगडांशेजारी चरत होती. शांताक्का शेळीजवळ आली, दगड बघितले, आणि बसलीच की खाली. डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. मादी कधीच उठून लांब गेली होती. मी लिंबाखालून धावत सुटलो.

"अक्का, उटा, उटा तिथनं!"

"बाबू, कोण मांडलं रे पांडव हितं? येळवस तर लई लांब हाय."

"पांडव न्हाईत ते. सरकारचे दगड हाईत."

"सरकार कवापासनं काव लावायलंय?"

मी शेळी धरून तिच्या पुढ्यात आणली.

"माजी शेळी कालपासनं घावायली नव्हती," शांताक्का म्हणाली. "हेंनीच धरून ठिवली बघ." शेळीला घेऊन ती निघून गेली. मी म्हटलं, सुटलो.

आणि त्या संध्याकाळी पाऊस पडला. साधा नाही, धो धो! कितीतरी दिवस दडी मारून बसला होता, पिकं माना टाकायला लागली होती, आणि नेमका त्याच संध्याकाळी त्याला मुहूर्त सापडला. पाऊस काय माझ्या दगडांसाठी पडला? उदगीरलाही पडला, भालकीलाही पडला. पण हे शांताक्काला कोण सांगणार? ती तोवर निम्म्या गावाला सांगून बसली होती, कुरणात पांडव उगवलेत म्हणून.

सकाळी मी सायकल मारत कुरणात गेलो तर पुढं बैलगाड्या सुटलेल्या! बायका, पोरं, नारळ, उदबत्त्या. मधोमध आडत्ये मल्लप्पाअण्णा, कपाळाला विभूती, अंगावर नवी शाल. मादीचा पत्ता नाही. मी सायकल तिथंच टाकली आणि ओरडलो, "अहो, थांबा! देव न्हाई, बीव न्हाई! मी रंगवलेत हे दगड!"

मल्लप्पाअण्णा माझ्याकडं वळले.

"तू रंगवलास?"

"व्हय."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. आपलं मनात आलं."

"मनात कुणी आणलं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "पाचच कामून मांडला रे? सहा का न्हाई?"

"अहो, कंबर दुखायली व्हती!"

"आन कंबर कुणी दुखवली?" मल्लप्पाअण्णांनी विचारलं आणि सगळ्या गर्दीकडं बघत हात जोडले. "बगा, देवानं कुणाच्या हातून करून घेतलं. बोला, पाच पांडव महाराज की..."

"जय!"

आणि माझ्या गळ्यात हार पडला! दुर्बिणीवरून. मी जितकं नाही म्हणायचो तितके लोक पाया पडायचे. एक म्हातारा म्हणाला, "बगा, किती साधा माणूस हाय. म्या केलं म्हणत न्हाई." अहो, मी तेच तर म्हणत होतो, मीच केलं म्हणून! आणि आता लपवून काय करू, हार पडला तेव्हा एक क्षणभर बरं वाटलं होतं मला. शिडीवर चढणाऱ्या माणसाला आजवर कुणी हार घातला होता? गर्दीत माझी बायको सुमन होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं.

तेवढ्यात शांताक्का ओरडली, "अगं बया, मधी काय हाय बगा!"

सगळे वाकून बघायला लागले. मातकट, डाग पडलेलं, मुठीत न मावणारं अंडं.

"पाखराचं अंडं हाय!" मी बोंबललो. "कुणी हात लावू नका! पाया पडतो तुमच्या!"

"बाबू हात लावू नका म्हणायलाय," मल्लप्पाअण्णांनी हुकूम सोडला. "कुणी बोट बी लावायचं न्हाई रे!"

आणि खरंच, कुणी बोट लावलं नाही. चार अंगुळं वरून हळद वाहिली. वरून कुंकू सोडलं. एकानं बेलाचं पान अलगद ठेवलं. पाणी पडू नये, ऊन लागू नये म्हणून दुपारपर्यंत कुणी गाडीभर कडबा आणला आणि अंड्यावर कोपी उभी केली. ढोरं येऊ नयेत म्हणून चारी बाजूंना माणसं बसवली. बघा म्हणजे! आमच्या मंडळाला दुसरा सभासद मिळत नव्हता, आणि आता अख्खं गाव त्या अंड्याची राखण करत होतं. एवढी राखण त्या कुरणात निजामाच्या घोड्यांचीसुद्धा झाली नसेल.

फक्त जिनं त्यावर बसायचं तिलाच तिथं जागा नव्हती.

ती होती. मी लिंबाखालून दुर्बिणीतून बघत होतो, हाराच्या पाकळ्या काचेसमोरून बाजूला करत. कुरणाच्या कडेला ती इकडून तिकडं चालायची. थोडी पुढं यायची, मान उंच करायची. हलगी वाजली की मागं सरायची. पुन्हा यायची. दिवेलागणीपर्यंत मी एकेकाच्या विनवण्या केल्या, घरी जा, देवाला निजू द्या. तर भजनी मंडळच येऊन बसलं, देवाला एकटं कसं सोडायचं म्हणून!

मी सुमनला बाजूला घेऊन सांगितलं, "मी ती कोपी मोडून टाकतो."

"अवो, याड लागलंय का? लोक मारतील तुमाला." मग हळूच म्हणाली, "आन येवढा मान कवा मिळाला हुता आपल्याला?"

मी कोपी मोडली नाही.

करीमचाचानं तर कुरणाच्या तोंडाशी चहाची भट्टीच लावली होती. मला बघून म्हणाला, "क्या बाबूभाई, पाट्यां लिखते लिखते देवां भी बनाने लगे क्या?"

"चाचा, गलती से हो गया."

"नक्को बोलो किसी कू! मेरी चाय जोरां से चल रई है."

असे दिवस गेले. गर्दी वाढत गेली. पार कोहिनूर गावाकडून माणसं यायला लागली. मादी कडेला दिसायची, मग कमी दिसायला लागली. आणि एका दुपारी अण्णा आले.

स्टेशनावर उतरल्याबरोबर त्यांना कुणीतरी सांगितलं असणार, कारण घरी न जाता ते थेट कुरणात आले. हातात दवाखान्याची पिशवी तशीच. अंग निम्म्यानं उतरलेलं. गर्दी आपोआप बाजूला झाली. हा माणूस कुठल्या देवापुढं वाकत नाही हे पंचक्रोशीला ठाऊक होतं.

"अण्णा, तुमी बी आलाव का दर्शनाला?" मल्लप्पाअण्णांनी विचारलं. आवाज गोड होता, पण हलगी थांबली.

आता तुम्ही आपली गावं ओळखता. अण्णांनी तिथं एक वाकडा शब्द काढला असता, एक दगड नुसता हलवला असता, तर संध्याकाळी त्यांच्या गल्लीत काय झालं असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. अण्णांना ते माहीत होतं. मलाही माहीत होतं. ते दगड उचलू शकणारा तिथं एकच माणूस होता, आणि तो गळ्यात ताजा हार घालून उभा होता.

अण्णांनी चपला काढल्या. कोपी ठेंगणी, त्यात वाकल्याशिवाय जाताच येत नव्हतं. ते वाकले. आत जाऊन गुडघ्यावर बसले. हात लावू नका असा हुकूम होता ना, म्हणून हात मागं धरला आणि अंडं ऊबदार आहे का बघायला गाल टेकवायला खाली खाली वाकत गेले. कपाळ मातीला लागलं. आणि ते तसेच राहिले, बराच वेळ.

"अण्णा टेकले!" कुणीतरी ओरडलं. "अरे, अण्णा बी टेकले!"

जो काही जयजयकार उठला म्हणता! हलग्या, शिट्ट्या, नारळ फुटायला लागले. ज्या माणसानं तरणेपणापासून कुणापुढं डोकं ठेवलं नव्हतं त्याला माझ्या पाच दगडांनी वाकवलं होतं.

अण्णा बाहेर आले. गालाला हळद लागलेली. गर्दीतून सरळ माझ्यापाशी आले. मला वाटलं, मारतील. मारायला हवं होतं.

"गार हाय, बाबू," ते म्हणाले.

"अण्णा, मी..."

"ती कुटं हाय?"

मी कुरणाच्या कडेकडं बोट दाखवलं. आम्ही दोघांनी आळीपाळीनं दुर्बिणीतून बघितलं. गवत होतं, वारा होता. ती नव्हती.

अण्णा टेकल्याची बातमी आमच्या आधी गावात पोचली. त्यांच्या गल्लीतली माणसं त्यांना जाब विचारायला आली. त्यांचा मुलगा मिलिंद तर बापाशी बोलेनासा झाला. मला राहवलं नाही. मी अण्णांच्या दारात जाऊन म्हटलं, "अण्णा, मी समद्यांला सांगतो. तुमी अंडं बगायला वाकला व्हताव म्हणून."

अण्णा हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, तो थांबेना. थांबला तेव्हा म्हणाले, "सांग की. मीच रंगवलो म्हणून सांगितलास तवा कुणी ऐकलं का?"

मी दारातच खाली बसलो.

"मी वाकलो हे खरं हाय, बाबू. कशाफुडं वाकलो ते मला ठावं हाय. बस झालं."

दुर्बीण परत द्यायला गेलो तर घेतली नाही. म्हणाले, तुझ्याकडंच असू दे, कवा काई दिसलं तर मला येऊन सांग. मी रोज जात होतो. सांगायला काही नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. पिल्लू न बघता गेले. जरा पाणी द्या.

अंडं वास मारायला लागलं तेव्हा मल्लप्पाअण्णांनी मांजरा नदीतला एक गुळगुळीत गोटा आणून त्याच्या जागी ठेवला. कोपीच्या जागी पत्रे आले, मग विटा आल्या. आता येळवसला तिथं केवढी जत्रा भरते हे तुम्ही बघताच. आणि तिथं लोक काय मागायला जातात, माहीत आहे? पोर! मधे अंडं सापडलं होतं ना, म्हणून पोर न होणाऱ्या बाया तिथं नवस बोलतात. करजगीकडून, पार भीमेच्या काठावरून येतात बिचाऱ्या. नवसाला पावतो म्हणतात. मी काही बोलत नाही. पहिला नारळ दरवर्षी माझ्या हातात देतात, मी तो घेतो आणि दुर्बीण घेऊन लिंबाखाली जाऊन बसतो. काहीच करत नाही. आता मला ते फार चांगलं जमतं.

बरं, हे एवढ्यावर संपलं असतं तरी माझी काही तक्रार नव्हती. पण गेल्या महिन्यात देवळाची पंचमंडळी घरी आली.

"मामा, देवळाला येक पाटी पायजे. मराठीत आन कानडीत. लोकं काय बी घिऊन यायलेत आवारात."

"काय लिवायचं?"

त्यांनी सांगितलं. मी पत्रा घेतला, पांढरा रंग दिला, पेन्सिलीनं ओळी आखल्या. लाल रंगात ब्रश बुडवून लिहायला लागलो. 'या पवित्र आवारात मांस, मच्छी...' आणि पुढच्या शब्दाशी माझा हात थांबला.

"काय झालं मामा? रंग सरला का?"

"न्हाई," मी म्हटलं. "रंग हाय."

लिहिलं. काय करणार? दोन्ही भाषांत लिहिलं, आणि माझ्याच हातानं जाऊन ती पाटी ठोकून आलो. अगदी तिथंच, जिथं मला एक अंडं राखायचं होतं. कधी गेलात तर वाचा. मांस, मच्छी, अंडी आणण्यास सक्त मनाई आहे. अक्षर एकदम झकास आलंय, कुठंही ओघळ नाही. आणि सवयीनं खाली कोपऱ्यात सहीसुद्धा करून ठेवलीय, बाबू पेंटर, कमलनगर.